केराक्काचा हात

“हौसा, त्या बाईला इचार, हितं कुणी बोलावलंय तिला.”

आबा असं म्हणाले तेव्हा केराक्का त्यांच्या समोर चार हातांवर उभी होती. पहिल्या एस्टीनं फाट्यावर उतरून तीन मैल माळ तुडवत ती आली होती. पायांवर धूळ, डोक्यावर पदर आणि हातात फडक्यात गुंडाळलेली कातर.

मी विचारलं नाही. दोघं बोलतात ते दोघांना ऐकू येत होतं, मध्ये मी कशाला?

“कुणी न्हाई बोलावलं,” आक्का माझ्याकडं बघून म्हणाली. “माघ सरला, म्हनलं कातरण अडलं आसंल. हौसा, आबास्नी सांग, मी घरात पाय टाकणार न्हाई. भाकरी माझी, पाणी माझं. खांड कातरती आन जाती.”

आबा वाघरीकडं बघत राहिले. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. जाळीच्या आत नव्वद मेंढरं वर्षाची लोकर अंगावर घेऊन धापा टाकत होती. बाहेर, बाभळीखाली, काल मेलेलं कोकरू पडलं होतं. मी अजून पुरलं नव्हतं.

आक्कानं ते कोकरू उचललं, त्याचं तोंड उघडलं आणि बोटानं आतून लोकरीचा पुंजका काढला.

“कितवं?”

“चौथं,” मी म्हणाले.

मेंढीची मागची लोकर वेळेत काढली नाही की शेणामुतानं तिच्या लडी होतात. नुकतं जन्मलेलं पोर सड शोधतं आणि त्याच्या तोंडात येते ती लडी. ती चोखत चोखत उपाशी मरतं. आई शेजारीच उभी असते, कास दुधानं तटतटलेली. चाळीस मेंढ्या अजून व्यायच्या होत्या. आबांनी डाव्या हातानं कासेपुरती तरी लोकर काढायचा प्रयत्न केला होता. दिवसभरात तीन मेंढ्या झाल्या आणि तिन्हींना जखमा. दिवाळीत मेंढ्यानं धडक देऊन त्यांचा उजवा हात भिंतीत चेचला होता. हाड बसलं ते वाकडं बसलं.

“हौसा,” आबा म्हणाले, “तिला सांग, गाभण्या हायेत. पाडताना गुडघा लावू नको म्हणावं.”

“मला म्हाईत हाय म्हणावं,” आक्का म्हणाली आणि पदर खोचून वाघरीत शिरली.

आमच्यात कातरण कुणी एकटं करत नाही. आज माझं खांड, म्हणजे माझा कळप, उद्या तुझं, असं दहाबारा गडी आपापली कातर घेऊन येतात, दिवसात शंभर मेंढरं उघडी करतात, मेंढा कापतात, जेवतात आणि जातात. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. म्हणून ज्याच्याकडं कुणी येत नाही तो मेला. दोन वर्षं आमच्याकडं कुणी येत नव्हतं.

कारण केराक्का. दत्तू सणगर दर साली कातरणीच्या दुसऱ्या दिवशी गाढवं घेऊन लोकर न्यायला यायचा. सणगर घोंगडी विणतात. आमची लोकर त्यांच्या मागावर आणि त्यांची घोंगडी आमच्या खांद्यावर, असं कैक पिढ्या चाललेलं. त्यात कुणाला बाट लागला नाही. पोरगी दत्तूबरोबर गेली तेव्हा लागला. पंचांनी आबांना सांगितलं, पोरगी मेली असं समज, डोकं आणि मिशी भादर, दहाव्याचं जेवण घाल, मग तू आमच्यातला. आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पहिल्या साली त्यांनी एकट्यानं वीस दिवस कातरलं. आता हात गेला.

आणि हे पंच कोण? त्यांच्यातला मोठा होता धुळामामा, माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा. त्याच्या पोराशी, पिराजीशी, माझं लग्न ठरलेलं होतं आणि अडलेलं होतं. मी सतरा वर्षांची होते.

दोन दिवस आक्का कातरत होती. बाईनं कातर धरली की खांड आटतं असं आमच्यात म्हणत. आबांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी तिला गुपचूप शिकवलं होतं. मला शिकवायच्या वेळेला ती पळून गेली आणि मग कुणी कुणाला काही शिकवलं नाही.

तिचा हात बघण्यासारखा होता. मेंढी अशी कलती घ्यायची की तिला कळायचंच नाही आपण कधी आडवे झालो. मग मानेपासून शेपटाकडं एका दमात कातर जायची आणि लोकर घोंगड्यासारखी उलगडत यायची. मी पाय धरायची. आबा दगडावर पाठमोरे बसायचे आणि प्रत्येक मेंढीला मान वळवून बघायचे.

“हौसा, आबास्नी इचार, कातरीला धार कुणी लावली व्हती. बोथट केलीया.”

“तिला सांग, धार कातरीला नसती, हातात आसती.”

“बरं म्हणावं. मग आबांच्या जिभंवर कुठनं आली?”

आबांच्या पाठीला हसू आलं. मला खांदे हललेले दिसले.

दुपारी ती बाभळीखाली आपली भाकरी खायची. पहिल्या दिवशी मी तिच्याजवळ बसले.

“पिराजी बरा हाय का गं?” तिनं विचारलं.

“मला काय म्हाईत. बोलत न्हाई.”

“मग बरा हाय.”

“तुज्यामुळं अडलंय,” मी म्हणाले.

तिनं घास चावला, गिळला. “व्हय,” म्हणाली. “माज्यामुळंच.” मग माझ्या केसांत अडकलेली लोकर काढायला लागली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. माझे केस तिनंच विंचरले होते, अकरा वर्षं.

रात्री ती कडब्याच्या गंजीआड झोपली. सकाळी तिच्या अंगावर आबांचं घोंगडं होतं. ते कुणी टाकलं हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत बावन्न मेंढरं उघडी झाली. त्या रात्री दोन मेंढ्या व्यायल्या. दोन्ही कोकरं उठून थेट सडाला लागली. आबा कोकरांजवळ उकिडवे बसले आणि मला म्हणाले, “तिला सांग, लागली.” ती तिथंच, हातभर अंतरावर होती. मी सांगितलं. ती म्हणाली, “दिसलं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या अंगाला माणसं दिसली. दहाबारा जण, खांद्यावर घोंगडी, हातात कातरी. पुढं धुळामामा. आक्का गंजीआड गेली. मी तिची कातर उचलून माझ्याजवळ ठेवली.

“सिदा, राम राम,” मामा म्हणाला. “निघालो व्हतो पल्याडच्या वस्तीवर. म्हनलं वाटंत तुला भेटावं. अजून एक डाव तोंड उघड. आत्ता शब्द दे, आत्ता हितंच उतरतो. सांजंला तुजं खांड मोकळं, आन ह्या पोरीचा साखरपुडा फुडल्या सोमवारी. बग, पिराजीला बी आणलंय.”

पिराजी सगळ्यांच्या मागं उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. बिचारा चांगला पोरगा होता. आजही चांगला आहे.

“बसा दाजी,” आबा म्हणाले.

पण मामा बसला नाही. त्याला वाघरीत उघडी मेंढरं दिसली होती. त्यानं जाळी उचलली, आत गेला, एक मेंढी धरली आणि तिच्या पाठीवरून तळवा फिरवला.

“कुणी कातरली?”

आबा पटका सारखा करायला लागले.

“म्या,” मी म्हणाले.

मामा हसला. “पोरी, चाळीस वर्षं कातर धरतोय. मेंढराच्या पाठीवर मला मानसाचा हात दिसतो. ह्यो तुज्या बाचा हात हाय, मानंपासनं शेपटापातूर एकच रेघ. आन बाचा हात तर मोडलाय. त्यानं ह्यो हात एकीलाच दिला व्हता.”

“म्याच कातरली, मामा.”

“आसंल. सिदा पोरींना शिकवतोच.” त्यानं एक न कातरलेली, दिवस भरलेली मेंढी ओढून माझ्यासमोर आणली. “कातर. बघू दे सगळ्यास्नी. तुजा हात निघाला तर मी माफी मागतो आन गप जातो.”

माणसं भोवती उभी राहिली. मी मेंढी आडवी घेतली. आक्कानं घेतली तशी नाही, पण घेतली. दोन दिवस मी तिचा हात बघितला होता. मान बरी झाली, खांदा बरा झाला. एक म्हातारा म्हणाला, “पोरगी धरती की कातर.” मामाचं तोंड उतरलं. मी पोटाखाली आले, कासेजवळ. तिथं लोकर आणि कातडं सारखंच मऊ लागतं, डाव्या हातानं सड झाकून उजव्या हातानं कापायचं असतं.

मेंढीला दुखलं तरी ती ओरडत नाही. ओरडला पिराजी. “सड गेला.”

माझ्या मनगटावर रक्त आणि दूध एकत्र आलं.

गंजीआडून आक्का पळत आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. मला बाजूला ढकललं, अंगठ्यानं जखम दाबली आणि म्हणाली, “हौसा, लोकर जाळ. राख आण. हळद आण. उठ की.” मी उठले. राख आणि हळद तिनं जखमेत भरली, आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. मेंढीला उभी केली. मग हात पुसत स्वतः उभी राहिली.

मामा सावकाश आबांसमोर जाऊन बसला.

“सिदा, आता मला एक सांग. ही जिती का मेली? जिती आसंल तर आमी चाललो, आन फुडं ह्या वस्तीवर माणूस येणार न्हाई, तुज्या मातीला बी येणार न्हाई. ह्या धाकटीला बी कोन नेणार न्हाई. मेली आसंल तर तसं कर. दोन्ही न्हाई व्हायचं.”

आबांनी वाघरीकडं बघितलं. अडतीस मेंढरं राहिली होती, त्यातल्या बहुतेक गाभण. मग माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं त्यांनी जे बघितलं ते मी कुठं ठेवू हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. आक्काकडं त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी पटका सोडला, घडी करून मांडीवर ठेवला आणि कातरायच्या घोंगड्यावर जाऊन बसले.

“भादरा,” म्हणाले.

माळावर न्हावी कुठून येणार? मामानं एका गड्याला खुणावलं. त्यानं मेंढरांची कातर घेतली आणि मेंढराचं धरतात तसं आबांचं डोकं धरलं. दुसऱ्याच झपाट्याला कानाची पाळी कापली. आबा हलले नाहीत. रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं.

“सरक,” आक्का म्हणाली.

तिनं त्याच्या हातातून कातर काढून घेतली.

“अगं ए,” मामा उठला. “तुज्याच नावाचं भादरायचं आन तूच? आसं कुठं आसतंय?”

“मामा, मी मेली न्हवं? मग मेलेलीचं कशाला मनावर घेता?”

एक जण फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. मामा खाली बसला.

आक्कानं आधी आबांचा कान पदरानं दाबला, रक्त थांबेपर्यंत. मग कातर घोंगड्याला दोन्ही बाजूंनी पुसली. “आबा, मान खाली,” म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती मला मध्ये न घेता बोलली. आबांनी मान खाली घातली. तिनं मागून सुरुवात केली, सावकाश. पांढरे केस काळ्या घोंगड्यावर पडत होते, आणि ते बारकं कुरकुर वाजणं सोडून माळावर दुसरा आवाज नव्हता. कानामागं वळताना ती पाळी दुमडून धरत होती, लहान पोराची जावळं काढतात तशी. डोकं झालं. तिनं मानेवर फुंकर घालून केस उडवले आणि कातर खाली ठेवली.

“मिशी ऱ्हायली,” आबा म्हणाले.

हे ते तिला म्हणाले. तिलाच. दोन वर्षांनी बापानं लेकीला बोललेले हे दोन शब्द.

मिशीला समोर बसावं लागतं. ती समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. आबांनी डोळे मिटून घेतले.

“डोळं उघडा, आबा. न्हाईतर वठ हलतो. कापंल.”

त्यांनी डोळे उघडले. मग ती मिशी काढेपर्यंत दोघं एकमेकांकडं बघत होती. किती वेळ लागला असेल? मिशी ती केवढी. पण माणसं पाय बदलत होती, एक जण बाजूला जाऊन थुंकून आला, मामानं तंबाखू काढली आणि तशीच हातात धरून बसला. आबांचा वरचा ओठ मी जन्मात पहिल्यांदा बघितला. पातळ होता, आक्कासारखा.

ती उठली. आपली कातर फडक्यात गुंडाळली. मेंढीची चिंधी एकदा बघितली, गाठ घट्ट केली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. आबांच्या पाया पडली नाही. मेलेल्या माणसानं कसं पडायचं?

मी ओढ्यापर्यंत तिच्या मागं गेले. मामानं अडवलं नाही. त्याला हवं ते मिळालं होतं.

“त्या मेंढीची राख सांजंला बदल,” ती म्हणाली. “दुसऱ्या सडाला कोकरू तू सोता लाव. दोन दिस लावलंस की मग लागंल.”

“व्हय.”

“आबांच्या कानाला हळद लाव.”

“व्हय.”

ती थांबली. माझा उजवा हात उचलून उताणा केला. रक्त वाळलं होतं. तिनं बोटं एकेक उघडून बघितली.

“हात घसरला व्हय गं?”

“घसरला,” मी म्हणाले.

“नवा हात,” ती म्हणाली. “घसरतो.”

आणि माझी बोटं परत मिटवून तिनं हात सोडला.

माझा हात घसरला नव्हता. ह्याला सव्वीस वर्षं झाली आणि मी हे कुणाला सांगितलेलं नाही. “म्या” म्हणाले तेव्हा मी खरंच तिला वाचवत होते. पण कासेजवळ आले, मामाचं तोंड उतरलेलं दिसलं, आणि माझ्या ध्यानात आलं की हा आता माफी मागून जाणार. पिराजीला घेऊन जाणार. आक्का दर साली येणार, खांड कातरणार, आबा पाठमोरे बसून हसणार, आणि मी त्या माळावर मेंढ्यांचे पाय धरत म्हातारी होणार. सड माझ्या डाव्या हाताखाली झाकलेला होता. मी डावा हात उचलला. मला माहीत होतं, गंजीआड कुणीही थांबलं असतं, मी मेले असते तरी थांबलं असतं, पण सड कापलेल्या गाभण मेंढीसाठी केराक्का थांबणार नाही. पंचांना मी खूप शिव्या दिल्या आहेत, तोंडावर दिल्या आहेत, पुढंही देईन. पण पंचांनी आबांना दोन वर्षं वाकवलं तरी ते वाकले नव्हते. मी एका हातानं केलं ते.

तिला कळलं होतं. बोटं बघताना कळलं होतं. ती ओढा उतरून पलीकडं चढली, वळून बघितलं नाही.

मी परत आले तेव्हा बारा कातरी चालू होत्या. दुपार कलायच्या आत अडतीस मेंढरं उघडी झाली. माणसं जोरात बोलत होती, एकमेकांची टिंगल करत होती, दोन वर्षांपूर्वी असायची तशी सगळी. मामा म्हणाला, “सिदा, दोन जेवणं कशाला? कातरणीचं आन दहाव्याचं एकदमच उरक. ह्यात मेंढा नगं, गोडाचं कर.” मी भात टाकला, डाळ शिजवली, गुळाची लापशी केली.

पंगतीच्या आधी मामानं मला एक पान वाढायला सांगितलं. केराच्या नावाचं. मी वाढलं. भात, डाळ, वर लापशी. पान नेऊन वाघरीपलीकडच्या दगडावर ठेवलं आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघू लागले. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. आक्का तेव्हा फाट्यावर एस्टीची वाट बघत बसलेली असणार. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, मामा आला तेव्हा भाकरी सोडायचीच होती.

कावळा लगेच आला. पानाच्या कडेला बसला, इकडं तिकडं बघितलं आणि भातात चोच घातली.

“सुटली,” मामा म्हणाला. “चला, बसा.”

आबा जागचे हलले नाहीत. त्यांचं ते पांढरंफटक डोकं उन्हात ओळखू येत नव्हतं. ते वाकले, मोडक्या उजव्या हातानं एक ढेकूळ उचललं आणि कावळ्याला मारलं. ढेकूळ निम्म्या वाटेतच पडलं. त्यांनी दुसरं उचललं. तेही पडलं. कावळा खात होता.

“वाढ गं पोरी,” मामा मला म्हणाला. “मानसं भुकेली हायेत.”

मी वाढलं.